पहिल्या जागेचे नवल

इराकमधल्या निमरूद इथे १९५५ साली उत्खनन चालू असताना नबू देवाच्या मंदिराच्या परिसरात मातीच्या पाट्यांचे शेकडो तुकडे हाती लागले. ते जुळवून वाचल्यावर कळले, की हा एक शपथनामा आहे. इसवी सनापूर्वी ६७२ साली असूरी सम्राट एसरहद्दोन याने आपल्या मांडलिकांकडून वदवून घेतले होते, की त्याच्यानंतर गादीवर येणाऱ्या अशुरबनिपालावर ते स्वतःवर करावे तितके प्रेम करतील. जे करणार नाहीत त्यांच्यासाठी पुढे शापांची लांबच लांब यादी आहे.

प्रेमाचा हुकूम! आपल्याला हे ऐकूनच चमत्कारिक वाटते. प्रेम होते किंवा होत नाही, ते सांगून करवता येत नाही, अशी आपली समजूत. पण त्या काळच्या राजेरजवाड्यांच्या जगात प्रेमाचा पहिला अर्थ निष्ठा असा होता. कोणाच्या बाजूने उभे राहायचे, कोणाचे ऐकायचे आणि संकटात कोणाला सोडायचे नाही, हे त्यातून ठरायचे. विल्यम मोरन या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ साली अशी कागदपत्रे आणि बायबलमधले ‘अनुवाद’ हे पुस्तक शेजारीशेजारी ठेवून दाखवले, की देवावर प्रीती करण्याची आज्ञा याच भाषेत दिलेली आहे. शास्त्राला आपल्याकडून उमाळा हवा आहे असे आपण समजतो, तेव्हा त्याआधी त्याने मागितलेली गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. आधी मागितली आहे ती बाजू.

तरीही त्या मातीच्या पाट्या आणि ‘अनुवादा’तले मोशेचे भाषण यांत एक फरक आहे, आणि तो कळला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. शाप ‘अनुवादा’तही आहेत, अठ्ठाविसाव्या अध्यायात ते अंगावर येतात. पण असूरी सम्राट प्रेम मागतो ते मुलाची गादी डळमळू नये म्हणून. मोशे यार्देन नदीच्या अलीकडे उभा राहून लोकांना सांगतो, की तुम्ही संख्येने सगळ्यांत थोडे होता, तुमच्यात निवडण्याजोगे काही नव्हते, तरी परमेश्वराने तुमच्यावर प्रीती केली. इथे राजाने आधी प्रेम केले आहे आणि मग ते मागितले आहे. प्राचीन जगाच्या दरबारी भाषेतला साचा घेऊन त्यात कोणी तरी संपूर्ण उलटी गोष्ट ओतली आहे. ख्रिस्ती जीवनाचा सगळा डोलारा ज्या पायावर उभा आहे तो पाया मुळात इथे घातला गेला.

ही आज्ञा ‘अनुवादा’च्या सहाव्या अध्यायात आहे. परमेश्वर एकच आहे, असे आधी सांगितले आहे, आणि लगेच पुढे संपूर्ण मनाने, जिवाने, शक्तीने त्याच्यावर प्रीती करायला सांगितले आहे. हे मुलांना शिकवा, घरात बसताना आणि वाटेने चालताना बोला, निजताना आणि उठताना बोला, दाराच्या चौकटीवर लिहा. या वचनांना यहुदी लोक ‘शेमा’ म्हणतात आणि रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतात.

इथे आपल्या कोकणाचा विषय येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, असे बेने इस्राएल या इथल्या यहुदी समाजाची परंपरा सांगते. ते किनाऱ्यावरच्या गावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. मराठी त्यांची मायबोली झाली. धर्मग्रंथ हरवले, इब्री भाषा गेली, प्रार्थना एकेक करून विसरल्या. परंपरेप्रमाणे एक मात्र उरली. मुलाची सुंता असो की लग्न, प्रत्येक प्रसंगी ते शेमाची पहिली ओळ म्हणत राहिले. बाहेरून आलेल्या यहुद्यांनी त्यांना ओळखले त्या खुणांत ही एक होती. कितीतरी पिढ्या, ग्रंथ नाही, गुरू नाही, आणि तोंडात ती एक ओळ, जिच्या पुढचेच वाक्य देवावर प्रीती करायला सांगते. सगळे गळून पडले तर शेवटी काय उरते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

शेमाचीच अशी एक कथा, रब्बी अकिवाची, तालमूद या यहुदी ग्रंथात आहे. दुसऱ्या शतकात रोमनांविरुद्धचे बंड मोडल्यावर त्यांना हालहाल करून मारले, ती वेळ शेमा म्हणण्याची होती. लोखंडी फण्यांनी अंग ओरबाडले जात असताना ते शेमा म्हणत होते. शिष्यांनी विचारले, इथपर्यंत? अकिवा म्हणाले, की संपूर्ण जिवाने प्रीती करायची ही आज्ञा आपल्याला कधी पाळता येईल, याची त्यांना आयुष्यभर काळजी लागून राहिली होती.

येशू याच परंपरेत वाढला. मार्क आपल्या शुभवर्तमानात सांगतो तो प्रसंग यरुशलेमच्या मंदिरात, त्याच्या शेवटच्या आठवड्यात घडतो. दिवसभर प्रश्नांचा मारा चालला आहे. कैसराला कर द्यावा की नाही, पुनरुत्थानानंतर सात भावांची बायको नक्की कोणाची, असे अडकवणारे प्रश्न. मग एक शास्त्री पुढे येतो. मार्कच्या सांगण्यावरून तरी त्याला खरेच जाणून घ्यायचे आहे. नियमशास्त्रात सहाशे तेरा आज्ञा आहेत अशी मोजणी पुढे रब्बींनी केली. त्या रानात पहिली आज्ञा कोणती, हा विद्वानांचा जिव्हाळ्याचा प्रश्न.

त्याने एक आज्ञा विचारली होती, येशूने दोन सांगितल्या. पहिली शेमाची. दुसरी शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची, आणि ती वेगळ्याच पुस्तकातून, ‘लेवीय’च्या एकोणिसाव्या अध्यायातून उचललेली. तो अध्याय वाचून पाहावा. शेताची कड कापू नका, ती गरिबाला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडखळण टाकू नका. अशा शेतातल्या, बाजारातल्या, रस्त्यावरच्या गोष्टींच्या मधोमध ती आज्ञा बसलेली आहे. येशूने ती तिथून काढून शेमाच्या शेजारी आणून ठेवली. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो म्हणतो, की सगळे नियमशास्त्र आणि संदेष्टे या दोहोंवर टांगलेले आहेत. पण क्रम त्याने सोडला नाही. ही पहिली, ती दुसरी.

मग प्रश्न उरतोच. पहिली कशाला हवी? शेजाऱ्यावर प्रेम करावे, माणसासारखे वागावे, एवढे पुरे नाही का? हा प्रश्न मला भली माणसे विचारतात, आणि त्यांच्या भलेपणाबद्दल मला शंका नाही. याचे उत्तर ज्याने सगळ्यांत खोल जाऊन शोधले तो उत्तर आफ्रिकेचा माणूस होता. संत ऑगस्टीन ३५४ साली थागास्ते इथे, आजच्या अल्जिरियात, जन्मला आणि ४३० साली हिप्पो नगराचा बिशप असताना वारला.

तरुणपणी त्याचा एक जिवलग मित्र तापाने गेला. ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनाच्या चौथ्या भागात त्याने त्या दुःखाचे जे वर्णन केले आहे ते आजही वाचवत नाही. सारे गाव त्याला नकोसे झाले, कारण डोळे सगळीकडे मित्राला शोधत आणि तो कुठेच नव्हता. पुढे चाळिशीत हे पुस्तक लिहिताना त्याने या दुःखाची चिकित्सा केली. आपण मित्रावर फार प्रेम केले, ही चूक नव्हती, असे तो म्हणतो. मरणाऱ्या माणसावर आपण तो कधी मरणारच नाही असे प्रेम केले, ही होती. देवाने पेलायचे ओझे आपण एका माणसाच्या खांद्यावर ठेवले होते.

त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागात तो तेल आणि पाण्याकडे बोट दाखवतो. पाण्याखाली तेल ओता, ते वर येते. तेलावर पाणी ओता, ते खाली जाते. जागा चुकली की चळवळ चालू राहते, जागा सापडली की दोन्ही शांत होतात. माणसाचे वजन म्हणजे त्याचे प्रेम, ते त्याला ओढत नेते. पुढे ‘देवाचे नगर’ या ग्रंथात त्याने सद्गुणाची व्याख्याच केली, की प्रेमाचा योग्य क्रम म्हणजे सद्गुण. दुष्टपणा म्हणजे वाईट गोष्टीवर प्रेम, असे आपण धरून चालतो. ऑगस्टीनच्या मते बहुतेक वेळा माणूस चांगल्याच गोष्टीवर प्रेम करतो, पण तिला चुकीच्या जागी बसवून. देश चांगला, घराणे चांगले, लेकरू तर चांगलेच. यांतले कोणतेही देवाच्या जागी बसवा आणि काय होते ते पाहा. मुलाला आपल्या आयुष्याचा अर्थ करून टाकणाऱ्या आईबापांची मुले गुदमरताना आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

म्हणून पहिली जागा देवाला दिली की माणसांच्या वाट्याचे प्रेम घटते, हा हिशेब चुकीचा आहे. घटते ते त्यांच्यावरचे ओझे.

तरी ही गोष्ट मऊ करून सांगू नये. जो आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रेम करतो तो माझ्या योग्यतेचा नाही, अशा आशयाचे येशूचे बोल मत्तयात आहेत, आणि ते कठोरच आहेत. महाराष्ट्रात त्यांची किंमत कोणी मोजली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. कित्येक वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले. पुढे त्या परतल्या, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला आणि ते सगळे दिवस त्यांनी मराठीतल्या एका श्रेष्ठ आत्मचरित्रात लिहून ठेवले. टिळकांवर माझी श्रद्धा आहे, पण त्या ताटातुटीत लक्ष्मीबाईंनी जे सोसले ते मी कोणत्याही सिद्धांताखाली झाकणार नाही. पहिली जागा बदलते तेव्हा घर हलते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्या पुलाच्या दोन्ही टोकांना, देव आधी, ही गोष्ट सारख्याच धिटाईने सांगितली जाते.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने रोममधल्या एका कार्डिनलच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ‘देवावर प्रीती करण्याविषयी’ हा छोटा ग्रंथ लिहिला. त्यात प्रेमाच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर माणूस स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करतो. दुसरीवर देवावर प्रेम करतो, पण स्वतःसाठी, अडचणीत उपयोगी पडतो म्हणून. तिसरीवर देव चांगला आहे एवढ्याच कारणासाठी. इथे आपल्याला वाटते जिना संपला. यापुढे काय असणार? बर्नार्ड चौथी पायरी दाखवतो, आणि ती परत माणसाकडे येते. चौथ्या पायरीवर माणूस स्वतःवर प्रेम करतो, देवासाठी. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा पान उलटून मागे गेलो, छापण्यात चूक तर नाही ना म्हणून. चूक नव्हती. स्वतःचा तिरस्कार हे भक्तीचे शिखर नाही. स्वतःला देवाच्या प्रेमाची वस्तू म्हणून पाहता येणे हे शिखर. तेही या जन्मात एखाद्या क्षणापुरते, असे बर्नार्ड सांगतो, आणि त्याच्यासारखा कडक साधू हे लिहितो याचे मला फार मोल वाटते.

कामाचे काय? देवावरच्या प्रीतीत बुडालेली माणसे जगाच्या कामाची राहत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू गालीलच्या सरोवरकाठी पेत्राला भेटतो. याच पेत्राने त्याला तीनदा नाकारले होते. त्याच्यावर आता मंडळीची जबाबदारी सोपवायची आहे. येशू एकच प्रश्न तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का? आणि दर उत्तरानंतर तेच काम सांगतो, मेंढरे सांभाळ. प्रेमाचे उत्तर मिळाले की लगेच दुसऱ्यांची काळजी हातात पडते, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

याची दुसरी बाजू ‘प्रकटीकरणा’च्या दुसऱ्या अध्यायात आहे. इफिस हे आजच्या तुर्कस्तानातले त्या काळचे गजबजलेले शहर. तिथल्या मंडळीला आलेल्या संदेशात आधी कौतुक आहे: श्रम केलेत, सहन केलेत, खोटे प्रेषित ओळखलेत. सगळे जिथल्या तिथे. आणि मग एकच दोष, पहिली प्रीती तुम्ही सोडली. हा दोष इतका गंभीर मानला आहे, की पश्चात्ताप केला नाही तर तुमची समई जागेवरून काढून टाकीन, असा इशारा पाठोपाठ येतो. ज्या मंडळीचे काम उत्तम चालले आहे तिलाच हा इशारा दिला जातो, आणि आपल्या चर्चमधल्या समित्या, वर्धापनदिन आणि अहवाल यांच्या गर्दीत तो मला सारखा आठवतो.

पंडिता रमाबाईंनी हे स्वतःच्या आयुष्यात अनुभवले. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या सिस्टरांकडे राहत होत्या. त्या सिस्टरांनी लंडनच्या फुलम भागात, ज्यांना समाजाने वाया गेलेल्या ठरवले होते अशा स्त्रियांसाठी घर चालवले होते. रमाबाईंनी ते पाहिले. पुराणांच्या अभ्यासात वाढलेल्या, आईवडील दुष्काळात गमावलेल्या, पंचविशीच्या आतच विधवा झालेल्या या स्त्रीने एकच प्रश्न केला, की या बायकांची एवढी काळजी तुम्ही का घेता? उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. शेजाऱ्यावरची प्रीती रमाबाईंनी आधी पाहिली आणि तिचा माग काढत त्या पहिल्या आज्ञेपाशी पोहोचल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण खरी विलक्षण गोष्ट पुढची आहे. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेत फिरून त्यांनी पैसा उभा केला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुण्याला आणले, विधवांना शिकवले. इफिसच्या मंडळीसारखेच, काम चोख होते. मग हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र वाचताना त्यांच्या ध्यानात आले, की मध्यभागीच काही तरी रिकामे आहे. त्यानंतरच्या रमाबाईंकडे पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतः दुष्काळातून उपाशीपोटी पायी फिरलेली ही बाई, तिथल्या मुली गोळा करून घेऊन आली. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले आणि काही वर्षांत तिथल्या रहिवाशांची संख्या हजाराच्या पुढे गेली. फुलममध्ये पाहिले तसे कृपासदनही तिथे निघाले. रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले आणि ते मुक्तीतल्याच मुलींनी खिळे जुळवून छापले. १९२२ साली त्या गेल्या, ते काम हातावेगळे करून.

क्रम बदलल्यावर काम कमी झाले का? आकडेच सांगतात.

प्रत्येकाला केडगाव उभे करायचे नसते, हेही खरे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा माणूस होता. आधी शिपाई, लढाईत जखमी होऊन आलेला. मठात त्याला स्वयंपाकघर दिले, पुढे वहाणा दुरुस्त करायचे काम दिले. तव्यावरचे धिरडे देवाच्या प्रेमासाठी उलटतो, असे तो सांगे, आणि भांड्यांच्या खडखडाटातही त्याचे चित्त उपासनेत असते तितकेच स्थिर राहत असे. त्याची पत्रे आणि संभाषणे तो गेल्यावर छापली गेली आणि आज तीनशेहून अधिक वर्षांनीही ती वाचली जातात.

ज्यांना हा विषय खुणावतो त्यांना माझी एक विनंती आहे. कोणतेही भाष्य हातात न घेता मार्कचा बारावा, लूकचा दहावा, योहानाचा एकविसावा आणि योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय एका बैठकीत वाचा. लूकमध्ये याच दोन आज्ञांमागोमाग चांगल्या शोमरोन्याची गोष्ट येते, आणि योहानाच्या पत्रात, दिसणाऱ्या भावाचा द्वेष करून न दिसणाऱ्या देवावर प्रेम केल्याचा दावा करणाऱ्याला सरळ लबाड म्हटले आहे. चारही अध्याय मिळून तासभरही लागत नाही. रमाबाईंची साक्षही छोटीच आहे. आणि कधी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वाटेत केडगाव लागते, मुक्ती मिशन तिथे आजही चालू आहे.